मुलाच्या सैनिकी पगारातील कपाती आणि त्यावर आलेली जप्तीची नोटीस: कायदा नेमके काय सांगतो?

प्रश्न (निवृत्त गुरुजी)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला प्राथमिक शिक्षक आहे आणि माझा धाकटा मुलगा पायदळात नाईक आहे. कायद्याची मला फारशी माहिती नाही. पण गेल्या महिन्यात त्याची पे स्लिप मी प्रथमच नीट वाचली आणि तेव्हापासून डोक्यात तीन गोष्टी घोळत आहेत. मुलगा सध्या अशा ठिकाणी आहे की आठवड्यातून एकदा फोन लागला तरी नशीब, म्हणून त्याच्या वतीने मीच विचारतो आहे.

पहिली गोष्ट जप्तीची. चार वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने ट्रॅक्टरसाठी बँकेचे कर्ज काढले, तेव्हा मुलगा त्याला जामीन राहिला. पुतण्याचे हप्ते थकले, बँकेने दिवाणी न्यायालयातून दोघांविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि आता दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून मुलाचा पगार जप्त करण्याची मागणी केली आहे. त्या नोटिशीची प्रत घरी आली आहे. बँकेचे अधिकारी म्हणतात की सरकारी नोकराचा पगार जप्त होतोच, तुमचा मुलगा काही वेगळा नाही.

दुसरी गोष्ट वसुलीची. २०२१ च्या जूनमध्ये मुलाची बदली फील्ड भागातून एका प्रशिक्षण केंद्रात झाली. त्यानंतरही एप्रिल २०२२ पर्यंत, म्हणजे ११ महिने, फील्ड एरिया अलाउन्सचे दरमहा ६,००० रुपये त्याच्या खात्यावर येत राहिले. ही चूक आता लेखापरीक्षणात सापडली असून एकूण ६६,००० रुपये दोन हप्त्यांत कापायला सुरुवात झाली आहे. मुलाला त्याआधी कोणतेही पत्र मिळाले नव्हते. पे स्लिपवर ओळ दिसली तेव्हाच त्याला हे कळले.

तिसरी गोष्ट रकमेने लहान आहे, पण मला तीच जास्त टोचते. रजा संपल्यावर त्याने संध्याकाळी ६ वाजता हजर व्हायचे होते, आणि गाडी वाटेत अडकल्यामुळे तो पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी पोहोचला. त्याबद्दल दोन दिवसांचा पगार कापला आहे. नऊ तास चाळीस मिनिटांचे दोन दिवस कसे होतात, हे गणित मी आयुष्यभर मुलांना शिकवलेल्या गणितात बसत नाही.

सैनिकाच्या पगारातून काय कापता येते, कोणी कापायचे आणि चुकीचे कापले तर कोणाकडे दाद मागायची, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद १ (निवृत्त सुभेदार, लिपिक संवर्ग)

गुरुजी, नमस्कार. मी २८ वर्षे युनिटच्या कार्यालयात काढली आणि त्यातला बराच काळ पे स्लिपवरच्या अशाच ओळींची उत्तरे देण्यात गेला. त्यामुळे कायद्याची चौकट आधी सांगतो, कारण तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे.

किती पगार मिळेल हे लष्कर अधिनियम, १९५० मध्ये कुठेही लिहिलेले नाही. वेतनाचे आकडे वेतन आयोगानंतर निघणाऱ्या नियमांत असतात. सध्या जवान आणि जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) यांच्यासाठी आर्मी पे रूल्स, २०१७ लागू आहेत आणि त्यांचा अंमल १ जानेवारी २०१६ पासून धरलेला आहे. शिपायाची सुरुवात पे मॅट्रिक्सच्या लेव्हल ३ मध्ये २१,७०० रुपयांवर होते. त्याशिवाय मिलिटरी सर्व्हिस पे म्हणून दरमहा ५,२०० रुपये मिळतात, ज्यावर महागाई भत्ताही मोजला जातो आणि जे पेन्शनच्या हिशोबातही धरले जातात. अधिकाऱ्यांना ब्रिगेडिअरपर्यंत हीच रक्कम १५,५०० रुपये आहे. भत्त्यांचे दर जुलै २०१७ पासून बदलले. फील्ड, उंचावरचे प्रदेश, बंडखोरीविरोधी मोहिमा हे सगळे तेव्हापासून जोखीम आणि खडतरपणा यांच्या एका कोष्टकात बसवले गेले. त्या कोष्टकाच्या वर सियाचीन आहे, जिथे तेव्हा जवानांना दरमहा ३०,००० आणि अधिकाऱ्यांना ४२,५०० रुपये ठरले. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की या कोष्टकातील दर २५ टक्क्यांनी वाढतात.

अधिनियमात पगाराचा आकडा नसला तरी पगाराचे संरक्षण आहे, आणि ते कलम २५ मध्ये एका वाक्यात आहे. नियमांनुसार देय असलेला पगार, या किंवा अन्य एखाद्या अधिनियमाने अधिकृत केलेल्या कपातींशिवाय दुसरी कोणतीही कपात न करता दिला पाहिजे, असे ते कलम म्हणते. म्हणून पे स्लिपवर कपातीची नवी ओळ दिसली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की ही कपात कोणत्या कलमाखाली किंवा कोणत्या नियमाखाली केली आहे. आमच्या काळी हा प्रश्न विचारणारा जवान हेड क्लर्कला फारसा आवडत नसे, ही गोष्ट वेगळी.

आता तुमचे तिसरे गणित. दंडात्मक कपातींची यादी अधिकाऱ्यांसाठी कलम ९० मध्ये आणि इतरांसाठी कलम ९१ मध्ये आहे. विनारजा गैरहजेरीच्या प्रत्येक दिवसाचा संपूर्ण पगार आणि भत्ते कापता येतात हे खरे आहे. पण 'दिवस' म्हणजे काय, हे कलम ९२ ठरवते. गैरहजेरी सलग सहा तास किंवा जास्त झाली नसेल तर तो दिवस गैरहजेरीचा धरता येत नाही, मग ते सहा तास एकाच तारखेत असोत की दोन तारखांत विभागलेले असोत. त्याहून कमी वेळेची गैरहजेरी दिवस म्हणून धरता येते ती फक्त त्या माणसाची ड्युटी दुसऱ्याच्या गळ्यात पडली असेल तर. गैरहजेरी सलग बारा तास किंवा जास्त झाली, तर ज्या ज्या तारखेचा काही भाग त्यात आला ती प्रत्येक तारीख पूर्ण दिवस धरता येते. आणि मध्यरात्रीच्या आधी सुरू होऊन मध्यरात्रीनंतर संपलेली गैरहजेरी एक दिवस धरता येते.

तुमच्या मुलाचे नऊ तास चाळीस मिनिटे सहाच्या वर आहेत, म्हणून एक दिवस कापता येऊ शकतो. ते बाराच्या खाली आहेत, म्हणून दोन्ही तारखा धरता येत नाहीत. दोन दिवस कापणे हे माझ्या मते सरळ सरळ चूक आहे. बहुधा कोणीतरी दोन तारखा बघितल्या आणि तास मोजलेच नाहीत.

खरे तर एक दिवसही कापायची वेळ येऊ नये. रजेपेक्षा जास्त राहण्याचा गुन्हा कलम ३९ मध्ये आहे आणि तो 'पुरेशा कारणाशिवाय' जास्त राहिल्यासच होतो. गाडी अडकल्याचा स्टेशन मास्तरांचा दाखला असेल तर कमांडिंग ऑफिसर ती वेळ रजेत सामावून घेऊ शकतात. दाखला नसेल तर तिकीट आणि गाडी उशिरा पोहोचल्याची नोंद तरी जोडायला सांगा.

वसुलीबद्दल उद्या सविस्तर लिहितो. जप्तीचा भाग वकील मंडळींवर सोडतो.

प्रतिसाद २ (अभिमान)

गुरुजी, तुम्ही अजिबात काळजी करू नका. सैनिकाच्या पगाराला आणि मालमत्तेला कोणतेही न्यायालय हात लावू शकत नाही, असा कायदाच आहे. त्या बँकेला सरळ सांगा की हुकूमनामा फ्रेम करून भिंतीवर लावा. जमीन, घर, बँकखाते, काहीच जप्त होत नाही.

प्रतिसाद ३ (दिवाणी वकील, तालुका न्यायालय)

वरील प्रतिसादातील पहिले अर्धे वाक्य बरोबर आहे. उरलेल्यावर विसंबून कोणी बसले, तर पुतण्याचा ट्रॅक्टर आणि गुरुजींची झोप दोन्ही जातील, म्हणून सविस्तर लिहितो.

लष्कर अधिनियमाच्या कलम २८ नुसार, या अधिनियमाच्या कक्षेत येणाऱ्या व्यक्तीची शस्त्रे, कपडे, साहित्य किंवा कर्तव्यासाठी वापरायचे जनावर जप्त करता येत नाही. तिचे वेतन आणि भत्ते किंवा त्यांचा कोणताही भागही दिवाणी न्यायालय, महसूल न्यायालय किंवा महसूल अधिकारी यांच्या आदेशाने हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी जप्त करता येत नाही. हाच नियम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये दुसऱ्या बाजूने आला आहे. त्यातील खंड (जे) मध्ये लष्कर, वायुसेना आणि नौदल या तिन्ही अधिनियमांखालील व्यक्तींचे वेतन आणि भत्ते जप्तीतून पूर्णपणे वगळले आहेत.

बँकेचे अधिकारी ज्या नियमाबद्दल बोलत आहेत तो इतर पगारदारांचा आहे. तिथे पोटगी सोडून अन्य हुकूमनाम्यासाठी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात, म्हणजे साधारण एक तृतीयांश जप्त होऊ शकते, आणि तेही ठरावीक महिनेच. त्यासाठी आदेश २१, नियम ४८ खाली कार्यालयप्रमुखाला किंवा पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला पत्र जाते. सवयीने तोच नमुना भरून लष्कराच्या पत्त्यावर पाठवला जातो, आणि मला वाटते तुमच्या बाबतीतही तेच झाले आहे. सैनिकाला एक तृतीयांशाचा नियम लागूच होत नाही, कारण त्याचा संपूर्ण पगार वगळलेला आहे.

तरीही नोटीस बाजूला ठेवून देऊ नका. दरखास्तीत हजर होऊन लेखी हरकत घ्यावी लागेल. कलम २८ आणि कलम ६० खंड (जे) यांचा स्पष्ट उल्लेख करून मुलाच्या नोकरीचा दाखला जोडावा. न्यायालयाने स्वतःहून हे लक्षात घ्यावे अशी अपेक्षा असली तरी रोज चाळीस दरखास्ती बोर्डावर असलेल्या न्यायालयाकडून ती फार धरू नये. मुलाला स्वतः हजर राहणे आवश्यक ठरले, तर त्यासाठी रजा दिल्याचे लष्करी अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र दाखल करता येते. कलम ३२ नुसार न्यायालयाने शक्य तितके त्या रजेच्या काळात प्रकरण ऐकून निकाली काढायचे असते. युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत तैनात असणाऱ्यांसाठी इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) अ‍ॅक्ट, १९२५ हा वेगळा कायदाही आहे.

आता हे संरक्षण कुठे संपते ते बघू. कलम २८ पगाराचे रक्षण करते, कर्ज माफ करत नाही. मुलाच्या नावावरची शेतजमीन, प्लॉट किंवा मुदत ठेव या कलमाने सुटत नाही. गुरुजी, सातबारावर मुलाचे नाव वारस म्हणून लागले असेल तर बँकेची पुढची दरखास्त त्या हिश्श्यावर येईल हे गृहीत धरा. कर्जापायी अटक मात्र होऊ शकत नाही, ते कलम २९ ने थांबवले आहे.

बँकखात्याचा प्रश्न थोडा नाजूक आहे. कलम ६० च्या स्पष्टीकरणात ही सूट रक्कम देय होण्याआधी आणि देय झाल्यावरही मिळते असे म्हटले आहे. पण पैसे खात्यात पडून इतर पैशांत मिसळले की तो पगारच आहे हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते आणि बचाव दुबळा होतो. त्यातून ज्या बँकेचे कर्ज, त्याच बँकेत पगार जमा होत असेल तर न्यायालयाचा प्रश्नच उरत नाही. जामीनपत्रावर सही करताना खात्यातून परस्पर वळते करण्याचा अधिकार बहुतेक वेळा आपणच दिलेला असतो. पगाराचे खाते कुठे आहे ते आजच तपासा.

आणि एक अपवाद लोकांना फार उशिरा कळतो, तो पत्नी आणि मुलांच्या पोटगीचा. जप्तीला बंदी आहे म्हणून सैनिक पोटगीतून सुटतो, असा समज काही मुलांचा असतो, आणि त्यांच्या घरच्यांचाही. पण कलम ९० आणि कलम ९१ या दोन्हींच्या खंड (आय) मध्ये पत्नीच्या आणि औरस किंवा अनौरस अपत्याच्या पोटगीसाठी केंद्र सरकार किंवा विहित अधिकारी पगारातून थेट कपातीचा आदेश देऊ शकतात. त्यासाठी पत्नीला न्यायालयात जाण्याची गरज नसते. ती कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज करते, नवऱ्याचे म्हणणे मागवले जाते आणि आदेश निघतो. फौजदारी बाजूने पोटगीचा आदेश, जो पूर्वी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होई आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो, तो दंडाधिकारी देतात. ते दिवाणी किंवा महसूल न्यायालय नसल्यामुळे कलम २८ तिथे आड येत नाही, असा युक्तिवाद पत्नीच्या बाजूने केला जातो आणि तो मला सयुक्तिक वाटतो.

प्रतिसाद ४ (निवृत्त गुरुजी)

वकीलसाहेब आणि सुभेदारसाहेब, दोघांचेही मनापासून आभार. पगाराचे खाते दुसऱ्या बँकेत आहे हे आज तपासून घेतले. जमिनीबद्दलचे वाक्य वाचून मात्र मी थोडा वेळ अंगणात येरझाऱ्या घातल्या, कारण वडिलोपार्जित चार एकरांत मुलाचे नाव आहेच. पुतण्याला बोलावून ट्रॅक्टर विकून बँकेशी तडजोड करण्याचे बोलणे सुरू केले आहे.

एक शंका. कपात कितीही मोठी असली तरी एका महिन्यात पगाराच्या अर्ध्याहून जास्त कापता येत नाही, असे मला शेजारच्या एका माजी सैनिकाने सांगितले. दोन हप्त्यांत ६६,००० म्हणजे महिन्याला ३३,००० होतात. हे अर्ध्याहून जास्त आहे असे दाखवता येईल का?

प्रतिसाद ५ (निवृत्त सुभेदार, लिपिक संवर्ग)

गुरुजी, अर्ध्याची मर्यादा कलम ९४ मध्ये आहे, पण ती सगळ्या कपातींना नाही. दंड, नुकसानभरपाई, पोटगी अशा कलम ९१ च्या काही ठरावीक खंडांखालील कपाती मिळून एका महिन्यात त्या महिन्याच्या वेतन आणि भत्त्यांच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत, एवढेच ते म्हणते, आणि बडतर्फीची शिक्षा झाली असेल तर तीही मर्यादा राहत नाही. गैरहजेरीच्या दिवसांचा पगार या मर्यादेत येत नाही. जास्त दिलेल्या भत्त्याची वसुली ही तर मुळात दंडात्मक कपातच नाही, ती हिशोबाची दुरुस्ती म्हणून केली जाते. त्यामुळे कलम ९४ थेट लावता येणार नाही. हप्ते वाढवून मागण्यासाठी नैतिक आधार म्हणून त्याचा उल्लेख अर्जात करायला हरकत नाही, आणि मी असतो तर केलाच असता.

ही चूक कशी होते ते बाहेरच्यांना समजत नाही, म्हणून सांगतो. जवानाच्या आयुष्यातली पगारावर परिणाम करणारी प्रत्येक घटना, मग ती बदली असो, लग्न असो, मूल असो की रजा, युनिट 'पार्ट टू ऑर्डर' मध्ये प्रसिद्ध करते. तो कागद रेकॉर्ड ऑफिस आणि पे अकाउंट्स ऑफिसला जातो आणि त्यावरून तिथल्या खात्यात जमा-नावे होते. अधिकाऱ्यांचा हिशोब पुण्याच्या एकाच मोठ्या कार्यालयात चालतो, तर जवानांची पे ऑफिसे रेजिमेंटच्या केंद्रांशी जोडलेली असतात. पे ऑफिस जवानाला ओळखत नाही, ते फक्त पार्ट टू ऑर्डर ओळखते. मुलगा जूनमध्ये फील्डमधून निघाला, पण भत्ता बंद करणारी ऑर्डर निघाली नाही, उशिरा निघाली किंवा त्रुटी काढून परत आली, तर पैसे येतच राहतात.

म्हणून पहिला अर्ज युनिटकडे असा करावा, की माझ्या बदलीची पार्ट टू ऑर्डर कोणत्या क्रमांकाने आणि कोणत्या तारखेला निघाली, त्याची प्रत द्यावी. त्या तारखेवरून चूक कोणाची ते कागदावर येते. मुलाने काही लपवले नव्हते, खोटा दावा भरला नव्हता, हे सिद्ध करायला यापेक्षा चांगला कागद नाही.

प्रतिसाद ६ (सैन्यदल न्यायाधिकरणात काम करणारा वकील)

वसुलीच्या मुद्द्यावर थोडी भर घालतो.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात काही परिस्थितींत जास्त दिलेले वेतन परत घेता येणार नाही असे ठरवले. त्यात गट 'क' आणि गट 'ड' मधील कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ जास्त रक्कम मिळत राहिलेले कर्मचारी येतात. वसुली कर्मचाऱ्यावर अन्यायकारक आणि असह्य ठरणार असेल, तर तीही परिस्थिती त्यात आहे. केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने मार्च २०१६ मध्ये या निकालानुसार सूचनाही काढल्या. जवानांना गट 'क' हे नाव थेट लागत नाही, पण वेतनस्तर बघता त्यांना त्या तोलाचे मानावे असा युक्तिवाद न्यायाधिकरणापुढे नेहमी होतो.

दुसऱ्या बाजूचाही विचार करायला हवा. २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की 'जास्त रक्कम मिळाल्यास परत करीन' असे हमीपत्र कर्मचाऱ्याने लिहून दिले असेल तर तो त्याला बांधील राहतो. तो निकाल अधिकारीपदावरच्या माणसाचा होता, तरी वेतननिश्चितीच्या वेळी असे हमीपत्र जवानांकडूनही घेतले जाते. मुलाने काय लिहून दिले आहे आणि ते भत्त्यालाही लागू होते का, हे बघावे लागेल. आणि खरे सांगायचे तर, फील्डमध्ये नसताना फील्डचा भत्ता घेणे आणि वेतननिश्चितीतील गुंतागुंतीची चूक या दोन गोष्टी न्यायाधीशांना सारख्या वाटत नाहीत. बदली झाल्यावर भत्ता बंद व्हायला हवा होता हे जवानाला कळायला हवे होते, असे सरकारी वकील म्हणणारच. तुमची बाजू पूर्वसूचनेच्या मुद्द्यावर जास्त भक्कम आहे. ज्याच्या खिशाला झळ बसणार त्याचे म्हणणे न ऐकता आदेश करू नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व इथे उघडपणे डावलले गेले आहे.

दाद मागण्याचा मार्ग असा आहे. जवान किंवा जेसीओ कलम २६ खाली आपल्या कंपनी कमांडरकडे तक्रार करतो आणि ती वरच्या अधिकाऱ्यांकडे जाऊ शकते. अधिकाऱ्यांसाठी कलम २७ आहे, तिथे तक्रार केंद्र सरकारपर्यंत जाते. त्यानंतर सैन्यदल न्यायाधिकरण अधिनियम, २००७ लागू होतो. 'सेवाविषयक बाबी' या व्याख्येत वेतन, भत्ते आणि पेन्शन यांचा स्पष्ट समावेश आहे. उपलब्ध विभागीय उपाय वापरल्याशिवाय न्यायाधिकरण अर्ज साधारणतः घेत नाही. मात्र तक्रारीवर सहा महिन्यांत अंतिम आदेश झाला नाही तर ते उपाय संपले असे समजले जाते, आणि तिथून पुढे अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत सुरू होते. अंतिम आदेश मिळाला असेल तर त्या तारखेपासून सहा महिने. म्हणून तक्रारीची पोच आणि तारीख जपून ठेवणे ही औपचारिकता नाही, सगळी मुदत तिच्यावर मोजली जाते. महाराष्ट्रातील प्रकरणांसाठी मुंबईत खंडपीठ आहे. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते की नाही यावर काही वर्षे गोंधळ होता, तो सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये परशोतम दास प्रकरणात दूर केला आणि उच्च न्यायालयाचा अधिकार कायम असल्याचे सांगितले.

पे स्लिपवरची बेरीज-वजाबाकी किती लांब जाऊ शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण रँक पे प्रकरणाचे आहे. चौथ्या वेतन आयोगानंतर १ जानेवारी १९८६ पासून कॅप्टन ते ब्रिगेडिअर या अधिकाऱ्यांना २०० ते १,२०० रुपये रँक पे मिळू लागला, पण मूळ वेतन ठरवताना तेवढीच रक्कम आधी वजा केली गेली, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले. मेजर धनपालन यांनी केरळ उच्च न्यायालयात हे आव्हानित केले आणि १९९८ मध्ये ते जिंकले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो लाभ इतर अधिकाऱ्यांनाही दिला आणि २०१२ मध्ये व्याजाची तारीख बदलून आदेश कायम ठेवला. पुढची वेतननिश्चिती मूळ आकड्यावर होत असल्यामुळे १९८६ ची ती वजाबाकी नंतरच्या प्रत्येक पगारात आणि पेन्शनमध्ये झिरपत राहिली होती.

प्रतिसाद ७ (अग्निवीराचा मामा)

विषय निघाला आहे म्हणून विचारतो. माझ्या भाच्याला पहिल्या वर्षी ३०,००० रुपये पगार सांगितला होता आणि हातात २१,००० येतात. उरलेले ९,००० कोणत्या कलमाखाली कापले जातात?

प्रतिसाद ८ (निवृत्त सुभेदार, लिपिक संवर्ग)

ती दंडाची कपात नाही. २०२२ च्या अग्निपथ योजनेच्या अटींतच दरमहा पॅकेजच्या ३० टक्के रक्कम सेवा निधीत जाते आणि सरकार तेवढीच रक्कम घालते. पहिल्या वर्षी ३०,००० पैकी ९,००० निधीत जातात, चौथ्या वर्षी ४०,००० पैकी १२,०००. चार वर्षांत भाच्याचे स्वतःचे सुमारे ५ लाख २ हजार रुपये जमतात आणि सरकारी वाटा व व्याज धरून बाहेर पडताना साधारण ११ लाख ७१ हजार मिळतात. महागाई भत्ता आणि मिलिटरी सर्व्हिस पे त्याला नाही, पण जोखीम आणि खडतर भागाचे भत्ते मिळतात. गैरहजेरीचे सहा तास आणि बारा तास त्यालाही तसेच लागू आहेत, कारण लष्कर अधिनियम त्यालाही लागू आहे.

प्रतिसाद ९ (निवृत्त गुरुजी)

सर्वांना कळवतो. मुलाचा फोन लागला तेव्हा मी कलम ९२ चे चारही भाग त्याला वाचून दाखवले आणि त्याने ते वहीत उतरवून घेतले. कंपनी कमांडर साहेबांनी तास मोजले, तिकीट बघितले आणि तो काळ रजेत धरण्यासाठी युनिटने नवी पार्ट टू ऑर्डर काढली आहे. त्यामुळे दोन्ही दिवसांचा पगार परत येईल असे त्याला सांगितले गेले.

बदलीच्या ऑर्डरची प्रतही मिळाली. बदली जूनची आणि ऑर्डर पुढच्या वर्षीच्या एप्रिलची निघाली. मुलाने कलम २६ खाली तक्रार दिली असून पोच घेतली आहे. तोपर्यंत वसुली दोनऐवजी बारा हप्त्यांत करावी असा अर्जही वेगळा केला आहे. दरखास्तीत वकिलामार्फत हरकत दाखल झाली आणि बँकेच्या वकिलांनी पगाराची मागणी सोडून देण्यास तयारी दाखवली, पण जमिनीचा उतारा मागितला. ट्रॅक्टरला गिऱ्हाईक आले आहे.

प्रतिसाद १० (निवृत्त सुभेदार, लिपिक संवर्ग)

गुरुजी, काम व्यवस्थित चालले आहे. आता पुढच्या दोन पे स्लिप नीट बघा. रजेच्या दुरुस्तीची रक्कम जमा बाजूला स्वतंत्र ओळीत यायला हवी. ती वसुलीच्या रकमेत परस्पर वळती झाली तर पैसे परत आले असे दिसणार नाही, आणि पुढे न्यायाधिकरणात आकडे लावताना घोळ होईल. तशी ओळ दिसली नाही तर मुलाला नव्या पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक टाकून पे ऑफिसला पत्र लिहायला सांगा, आणि त्या पत्राचीही पोच घ्या.